अकरा वेढे कमी

मिस्त्रींच्या दुकानात दोन वस्तूंना हात लावायची कोणालाच मुभा नव्हती. एक म्हणजे खिडकीजवळचं तार गुंडाळायचं मशीन, कारण त्याचा मोजणीचा काटा म्हणे फक्त त्यांच्या बोटांना दाद देत असे. आणि दुसरी ती वही. जळालेल्या विजेच्या मोटारी भरण्यात, म्हणजे आतली करपलेली तार काढून नवी बसवण्यात, मिस्त्रींची चाळीस वर्षं गेली होती. हाताखालून गेलेल्या प्रत्येक जातीच्या मोटारीची नोंद त्या वहीत होती. तार बसवायच्या खाचा म्हणजे स्लॉट किती, तार कोणत्या गेजची म्हणजे जाडीची, कॉइल किती स्लॉट सोडून बसवायची आणि एका कॉइलला वेढे किती, ज्याला दुकानात सगळे टर्न म्हणतात. एकूण सहाशे बारा मोटारी. वहीला वार्निशचा वास होता, पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं, आणि रोज संध्याकाळी ती मिस्त्रींच्या काखेत बसून घरी जायची. बायको म्हणायची, "लग्नात माझा हातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता."

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. त्या वहीतले वेढ्यांचे आकडे खोटे होते.

चुकून नव्हे, चांगले जाणूनबुजून. मोटारीला चौसष्ट वेढे लागत असतील तर मिस्त्री त्यातून अकरा वजा करून त्रेपन्न लिहीत, आणि वाचताना मनातल्या मनात अकरा मिळवून घेत. वही कोणी पळवलीच तर पळवणाऱ्याची फजिती व्हावी, एवढाच हेतू. आणि फजिती अशी की ती लगेच कळू नये. वेढे कमी पडलेली मोटार बंद पडत नाही, उलट ती झोकात सुरू होते. मालक खूश होतो, कारागीर मिशीवर ताव देतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत मोटार इतकी तापते की वार्निशचा वास सुटतो, मग धूर. "खरी वही म्हणजे चोराची वही," असं मिस्त्रींचे उस्ताद म्हणायचे. या धंद्यातल्या जुन्या लोकांत प्रत्येकाची अशी एक किल्ली असे आणि ती ज्याची त्याच्याकडेच राही.

आता या वहीला पाय कसे फुटले ते ऐका.

दुकानापासून चार घरं सोडून सार्वजनिक वाचनालय होतं. वर्षानुवर्षं तिथे सात म्हातारे वर्तमानपत्र वाचत आणि दोघं पंख्याखाली झोपत. मग नव्या ग्रंथपालबाई आल्या. सहा महिन्यांत त्यांनी झोपायच्या कोपऱ्यात दहा संगणक मांडले, भिंतीवर पाटी लावली, "शिकणं फुकट आहे, विचारणंही," आणि पुस्तकांसारखे लॅपटॉपसुद्धा आठवडाभर घरी न्यायला द्यायला लागल्या. कार्ड दाखवा, सही करा, घेऊन जा. मिस्त्रींच्या बायकोने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "यंत्रं घरी द्यायला लागले? मग माणसंही देत असतील तर विचारून या, आपलं एक बदलून घेऊ."

कार्ड काढलं ते सुनेने. मिस्त्रींचा मुलगा बस चालवायचा, त्याला तारेपेक्षा रस्त्याची ओढ. पण ही सून वेगळी. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षं ती दुपारी सासऱ्यांचा डबा घेऊन दुकानात यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत स्टुलावर बसून बघायची. मिस्त्री सावकाश जेवायचे, त्यामुळे तिचं बघणंही बरंच झालं. वाचनालयात पहिल्या दिवशी ती एका बोटाने, कोंबडी दाणे टिपते तशी, अक्षरं टिपत होती. दोन महिन्यांनी ती शेजारच्या बाईला तक्ता कसा करायचा ते दाखवायला लागली. मोटारी भरण्याचे व्हिडिओ तिने तिथेच शोधले, सगळे बघून संपवले आणि एक दिवस ग्रंथपालबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, सगळं परक्या भाषेत आहे. आणि आकडे आपल्याकडच्या मोटारींचे नाहीतच. शिकणाऱ्याने करायचं काय?"

"आकडे कोणाकडे असतात?" बाईंनी विचारलं.

आकडे कुठे असतात ते सुनेला चांगलं माहीत होतं. ते रोज संध्याकाळी तिच्याच घरी येत.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई स्वतः दुकानात आल्या. त्यांनी आल्याआल्या मिस्त्रींना मोठेपणा दिला आणि मग सरळ मागणी घातली. वहीची यादी करून वाचनालयाच्या साइटवर ठेवू, कोणीही कुठूनही पाहील, फुकट. ज्याच्यापुढे रिकामा सांगाडा पडलाय, तार आधीच काढून टाकलीय, मोजायला काही उरलेलं नाही, अशा माणसाने कोणाला विचारायचं? "तुम्हाला विचारता येईल, मिस्त्री. पण तुम्ही एकच आहात."

मिस्त्रींनी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण रस्त्यापलीकडे दुसऱ्या वाइंडरचं, म्हणजे मोटारी भरणाऱ्याचंच, दुकान होतं, आणि तो समोरचा हातातलं काम सोडून कान टवकारून उभा होता. वीस वर्षं दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, फक्त बघणं होतं. त्याच्यादेखत लहान कोण होणार? शिवाय मिस्त्रींच्या डोक्यात तेवढ्यात एक लख्ख विचार चमकला. वही मागितलीय, किल्ली कुठे मागितलीय?

"न्या की," ते मोठ्याने म्हणाले. "ज्ञान काय उशाला घेऊन झोपायचं असतं?"

समोरच्याच्या हातून पाना पडला. मिस्त्रींना त्या रात्री फार छान झोप लागली.

वही टिपायला सून बसली. एकतीस दुपारी. घरातलं आवरून ती वाचनालयात जायची, दोन तास आकडे भरायची, आणि परत येऊन वही सासऱ्यांच्या हातात द्यायची. कुठे शाई पसरली असेल तर विचारायची, "बाबा, हे एकेचाळीस की सत्तेचाळीस?" आणि मिस्त्री चष्मा लावून, वही लांब धरून, गंभीरपणे खोट्या आकड्यातला बरोबर आकडा सांगायचे. एकदोनदा त्यांच्या ओठांवर आलं होतं. पोरगी घरचीच आहे, हिला सांगून टाकावं. पण मग वाटे, घरच्या माणसाला सांगितलं म्हणजे संगणकाला सांगितलं, आणि संगणकाला सांगितलं म्हणजे जगाला. उद्या गल्लीगल्लीत मोटारी भरायला लागले तर या दुकानाकडे बघायचं कोणी? मग वही मिटून ते ती काखेत मारत. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत, मिस्त्री ताक वाटत होते आणि भांडं लपवत होते.

यादी खुली करायचा दिवस ठरला. सकाळी दहाची वेळ. ग्रंथपालबाईंचा निरोप होता की मिस्त्रींच्या हातून एक बटण दाबायचं आहे. मिस्त्रींना वाटलं संगणकाचंच असेल. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोला सोबत घेऊन निघाले.

दालन भरलं होतं. वर्तमानपत्रवाले सातही म्हातारे, शिकायला येणाऱ्या बायका, गॅरेजवाले, शाळेतले दोन शिक्षक. सगळ्यांत मागे, खांबाला टेकून, समोरचा वाइंडरही आला होता. आणि पुढच्या टेबलावर संगणक नव्हताच. तिथे एक पाण्याच्या पंपाची मोटार ठेवलेली होती, दोन हॉर्सपॉवरची, नव्या रंगाची, वायर भिंतीवरच्या स्विचला जोडलेली.

"ही आपल्या वाचनालयाची," ग्रंथपालबाई सांगत होत्या. "वर्षभर अडगळीत पडून होती. आतली तार कोणीतरी काढून विकली होती, नुसता सांगाडा. दोन ठिकाणी नेली, म्हणाले, डाटा नाही, होणार नाही. ती भरलीय मिस्त्रींच्या सूनबाईंनी. इथेच, मागच्या खोलीत, पंधरा दिवस खपून. आणि डाटा कुठला? मिस्त्रींच्या वहीतला!"

टाळ्या पडल्या. सून पदराला हात पुसत पुढे आली. बोटांवर तारेचे ओरखडे होते आणि चेहरा असा फुललेला की मिस्त्रींनी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, बाबा. म्हटलं, एकदम दाखवू."

मिस्त्रींनी मोटारीची पाटी वाचली. वाचायची गरज नव्हती, त्यांनी ती दारातूनच ओळखली होती. वहीतली तीनशे अठरावी.

"किती टर्न टाकलेस?" त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

"त्रेपन्न. वहीत आहेत तेवढे. दोनदा मोजले, एक कमी नाही की जास्त नाही."



ग्रंथपालबाईंनी त्यांना हाताला धरून स्विचकडे नेलं. "दाबा, मिस्त्री. पंप सुरू झाला की यादीही खुली करतो."

बोट स्विचवर टेकलं, आणि मिस्त्रींचं डोकं, जे एरवी सावकाश चालायचं, ते भलतंच वेगाने चाललं. दाबलं तर मोटार चालेल. छान चालेल, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येईल, टाळ्या होतील, चहा होईल, लोक पांगतील. वास सुटेल तेव्हा दालनात दोन म्हातारे उरलेले असतील. आणि मग सगळे काय म्हणतील? पोरीचं पहिलंच काम, व्हायचंच असं. मिस्त्रींकडे कोणी बोटसुद्धा दाखवणार नाही. उलट सगळे त्यांच्याकडेच येतील, मोटार पुन्हा भरून द्या म्हणत. किल्ली खिशात राहील. फक्त ही पोरगी पुन्हा तारेला हात लावणार नाही. मग डबा ठेवून स्टुलावर न बसताच घरी जाईल.

हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण त्यांच्यावर ते गुदरलं होतं. उस्ताद धंदा सोडून मुलाकडे राहायला गेले तेव्हा त्यांनी आपली वही बावीस वर्षांच्या मिस्त्रींच्या हाती ठेवली होती, पाठीवर हात फिरवून. त्या वहीवरून भरलेल्या पहिल्या तिन्ही मोटारी जळाल्या. गिरणीचा मालक चार माणसांत म्हणाला, "याच्या हातात काम नाही, सुतारकीला घाला याला." त्या दिवशी दुकानाच्या मागे पिंपावर बसून ते रडले होते. महिनाभर तारेला शिवले नाहीत. पुढे एक कंपनीच्या मूळ तारेची, पुन्हा कधी न भरलेली मोटार उघडायला मिळाली, एकेक वेढा मोजला आणि कळलं, उस्तादांच्या वहीत सात कमी. ते तडक विचारायला गेले तेव्हा उस्ताद हसले होते. "आता झालास तू कारागीर!" परतीच्या वाटेवर मिस्त्रींनी शपथ घेतली होती की आपण हे कोणाला करणार नाही. पुढे स्वतःची वही केली, शपथ कुठल्याशा पानात दबली, आणि साताचे अकरा झाले.

मिस्त्रींनी बोट काढलं.

"कोणी बटण दाबू नका," ते म्हणाले. "ही मोटार जळेल."

दालनात कुजबुज झाली. सुनेचा चेहरा उतरला. "का? कुठे चुकलं, बाबा?"

"तुझं काही चुकलेलं नाही. वहीतले आकडे खोटे आहेत. सगळे. मीच लिहिलेत खोटे. चोराला सापडू नयेत म्हणून." एवढं बोलून ते थांबले, पण आता थांबून चालणार नव्हतं, दगडाखालचा हात एकदाच काढायचा असतो. "खऱ्यातून अकरा वजा करून लिहितो मी. या मोटारीला चौसष्ट लागतात."

कोणीतरी हसलं, थट्टा समजून. मग हसणंही विरलं. बायको, जिच्याकडे प्रत्येक प्रसंगाला शब्द असे, ती पायाकडे बघत होती. मागे खांबाला टेकलेला समोरचा वाइंडरही खाली बघायला लागला होता, आणि त्याला तर काहीच कारण नव्हतं.

सुनेने एकच विचारलं. "मलासुद्धा?"

"तुला सांगायचं राहून गेलं," मिस्त्री म्हणाले. आणि लगेच त्यांना स्वतःचीच शिसारी आली. "राहून गेलं नाही. सांगितलं नाही."

एकतीस दुपारी ती त्यांच्यासमोर वही धरून उभी होती. हे एकेचाळीस की सत्तेचाळीस. ते सगळं तिच्या डोळ्यांत आलं आणि तिने ते तिथेच अडवलं. रडली नाही. टेबलावरचा पाना उचलून तिने मोटार खोलायला सुरुवात केली. कॉइल उघड्या पडल्या, एकसारख्या, दोऱ्याने नीट बांधलेल्या. इतक्या चांगल्या की मिस्त्रींना स्वतःच्या पहिल्या मोटारीची लाज वाटली. त्यांनी तार कापायचा कटर पुढे होऊन उचलला, निदान हे पाप तरी आपण करावं म्हणून. तिने तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि पंधरा दिवसांचं काम स्वतःच कापलं.

"यादी अजून उघडलेली नाही ना, बाई?" तिने न बघता विचारलं.

"नाही."

"मग आता आकडे खरे झाल्यावरच उघडा. आणि ज्यांना शिकायचंय त्यांनी उद्या सकाळी या. ही मी पुन्हा भरणार आहे, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सगळ्यांच्या आधी वाचनालयाच्या पायरीवर हजर होते. सोबत हातगाडी होती, आणि हातगाडीवर खिडकीजवळचं ते मशीन, ज्याला चाळीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागला नव्हता. त्यांनी ते टेबलावर बसवलं, तेल दिलं आणि स्वतः मागच्या बाकावर, म्हाताऱ्यांत जाऊन बसले.

सून मशीनशी बसली. चौदा जण भोवती उभे होते. तिने हँडल फिरवलं आणि वेढे मोठ्याने मोजायला लागली, मग चौदाही जण तिच्याबरोबर मोजायला लागले. मोजणीचा काटा मिस्त्रींच्याच बोटांना दाद देतो ही थाप निघाली, तो सुनेच्या बोटांनाही निमूटपणे दाद देत होता. पन्नास. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न म्हणून सगळे आपोआप थांबले. सुनेने मान वर केली आणि माणसांच्या फटीतून थेट मागच्या बाकाकडे पाहिलं. काल सकाळपासून तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं होतं.

"चोपन्न," मिस्त्री बाकावरून म्हणाले. "खरं."

"चोपन्न," तिने म्हटलं आणि हँडल फिरलं. मग चौसष्टपर्यंत कोणी थांबलं नाही.

सगळ्या कॉइल स्लॉटमध्ये बसवून, बांधून, वार्निश वाळवून मोटार तिसऱ्या दिवशी सुरू झाली. एक तास चालली, दोन तास चालली. मिस्त्री दर दहा मिनिटांनी तिच्या अंगावर, ताप बघावा तसा, उलटा हात ठेवत होते. दुपारी त्यांनी हात ठेवायचं सोडलं. टाकी भरून वाहिली आणि पायऱ्यांवर पाणी आलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनीच धावत जाऊन ती बंद केली.

यादीचं काम उरलं. मिस्त्रींना वाटलं होतं, त्यात काय, सगळ्यांत अकरा मिळवायचे. सुनेने संगणकावर एक सूत्र लिहून दाखवलं आणि सहाशे बारा आकडे एका क्षणात बदलले. मिस्त्री बघतच राहिले. चाळीस वर्षांचं कुलूप, आणि उघडायला नाकावरची माशी हाकलण्याइतका वेळ. त्यांना थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोला.

"झालं तर मग," ते म्हणाले.

"काही झालं नाही. आता मी कशावरही विश्वास ठेवणार नाही," सून म्हणाली. "पहिल्या पानापासून एकेक वाचा. मोटार आठवायची, मग आकडा सांगायचा."

ते वाचायला बसले, आणि बरंच झालं बसले. कारण चोवीस मोटारी अशा निघाल्या की ज्यांचे आकडे मिस्त्रींनी घाईगर्दीत, वजा करायचं विसरून, चक्क खरे लिहिले होते. त्यांत अकरा मिळवले असते तर तेच खोटे झाले असते. "म्हणजे खोटं लिहिण्यातसुद्धा चुका?" असं विचारताना सुनेच्या तोंडून एकदम हसू फुटलं, आणि ते मागे घ्यायला उशीर झाला. मिस्त्रींनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. अठरा दुपारी लागल्या. मिस्त्रींचंही वाचनालयाचं कार्ड झालं, त्यावरच्या फोटोत ते मोटारीच्या पाटीकडे बघावं तसे कॅमेऱ्याकडे बघतायत.

यादी खुली झाली तेव्हा तिच्या डोक्यावर मिस्त्रींच्या आग्रहाने दोन ओळी घातल्या होत्या. आधीच्या वहीत आकडे अकरा कमी लिहिले होते, ते आता सुधारले आहेत, दोष लिहिणाऱ्याचा. खाली सुनेचं नाव आणि दुकानाचा फोन नंबर.

आठवडा गेला आणि समोरचा वाइंडर रस्ता ओलांडून आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. काखेत एक वही होती, तेलाने काळी पडलेली. त्याने ती टेबलावर ठेवली, मिस्त्रींकडे न बघता सुनेकडे सरकवली आणि घसा खाकरला.

"माझ्यात नऊ जास्त आहेत," तो म्हणाला.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मिस्त्रींकडे पाहिलं, आणि दोघं असे हसले की बाहेरून जाणारे थांबून आत डोकावले. बायकोने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "चोरांचं संमेलनच भरवा आता, चहा मी करते."

दुकान ओस पडेल ही मिस्त्रींची भीती काही खरी झाली नाही. यादी पाहून लोक मोटारी भरायला लागले, आणि भरताना जिथे गाडं अडे तिथे विचारायला दुकानात यायला लागले. चौदा जणांपैकी पाच जणी रोजच्या झाल्या. मशीन खिडकीजवळ परत आलं होतं, पण आता त्याच्यापुढे बहुतेक वेळा सून बसलेली असे, आणि मिस्त्री स्टुलावर. डबा आता बायको घेऊन येई, आणि ती काही बघायला थांबत नसे.

अशाच एका दुपारी फोन वाजला. मिस्त्रींनी उचलला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज तरुण, मागे कुठेतरी हातोडी चाललेली.

"तुमच्या यादीवरून दोन मोटारी भरल्या आम्ही. दोन्ही चालतायत. ते सांगायचं होतं."

"कुठून बोलताय?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. मिस्त्रींनी ते आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"आणि एक विचारायचंय. एक मोटार आहे, ती यादीत सापडत नाही. आत तार नाही, नुसता सांगाडा आलाय. आकडा मिळाला नाही तर परत पाठवावी लागेल." त्यांनी पाटी वाचून दाखवली.

मिस्त्रींना मोटार आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदाच भरली होती, परगावी, वही जवळ नसताना, त्यामुळे लिहायची राहिली. हा आकडा कुठल्याच पानावर नव्हता, ना संगणकात. तो फक्त त्यांच्या डोक्यात होता.

"घ्या लिहून," ते म्हणाले. "सत्तेचाळीस."

मागे मशीनचं हँडल थांबलं. सून वळली नाही. फक्त हँडल थांबलं.

मिस्त्रींनी डोळे मिटले. चाळीस वर्षांची जीभ, ती का एका हंगामात वळते!

"थांबा, बाई," ते फोनमध्ये ओरडलेच जवळजवळ. "लिहिलं असेल तर खोडा ते. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न टर्न. पुन्हा म्हणा बघू."

"अठ्ठावन्न," पलीकडून आवाज आला.

"हां. खरं आहे ते. भरून झाली की फोन करा."

त्यांनी फोन ठेवला. मशीन पुन्हा फिरायला लागलं होतं.

"सहाशे तेरावी," सून हँडल फिरवता फिरवता म्हणाली. "संध्याकाळी यादीत घालते. गेज सांगा, बाबा."